लोकर होती, थंडी होती
(प्रस्तावना)

मे महिन्यात मनालीहून परतलेल्या मराठी कुटुंबाची बॅग उघडली, की सफरचंदाच्या जॅमची बाटली, कुल्लूची एखादी शाल आणि लोकरीच्या मोज्यांचे दोन-तीन जोड हमखास निघतात. मोजे जाड, किंचित बोचरे, घोट्याच्या वर रंगीत नक्षीचे. पुण्या-नाशिकच्या थंडीत ते आठ-दहा दिवस मिरवतात आणि मग डांबरगोळ्यांच्या वासात वर्षभर पडून राहतात. विकत घेताना भावाची घासाघीस झालेली असते. हे विणायला कोण कुणाकडून शिकले, हे काही बाजारात विचारायचे नसते. या पुस्तकाची सुरुवात मात्र त्याच प्रश्नाने झाली.

मनालीहून पुढे रोहतांग खिंड ओलांडली की लाहौलचे खोरे लागते. चंद्रा आणि भागा या दोन नद्या तांदीपाशी एकत्र येऊन चंद्रभागा होतात. (पंढरपूरची वेगळी, पण नाव ऐकून मराठी माणूस तिथेही हात जोडतोच.) जिल्ह्याचे ठिकाण केलाँग, तीन हजार मीटरच्या थोडे वर. पाऊस बेताचा, कारण ढग पीर पंजालच्या डोंगररांगेअलीकडेच रिकामे होतात. बर्फ मात्र भरपूर. रोहतांगची उंची 3,978 मीटर. नोव्हेंबरच्या सुमाराला खिंड एकदा बंद झाली की मे उजाडेपर्यंत उघडत नसे आणि तोवर खोऱ्यातली माणसे खोऱ्यातच. छपरांवर साठलेले बर्फ ढकलायचे, गुरांना उन्हाळ्यात साठवलेला चारा घालायचा आणि उरलेला दिवस विस्तवाभोवती काढायचा. मेंढ्या होत्या, लोकर होती, ती कातायची सवय होती, मागावर पट्टू विणले जात होते. थंडी तर शतकानुशतकांची. एवढे सगळे हाताशी असूनही सुयांवरचे विणकाम तिथे नव्हते. ते आले एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि आले ते एका परक्या बाईबरोबर.

मोरेव्हियन पंथाचे दोन जर्मन मिशनरी, हायडे आणि पागेल, मंगोलियाला जायला म्हणून निघाले होते. तिकडची वाट त्यांना मिळाली नाही, तेव्हा त्यांनी 1856 मध्ये केलाँगला घर बांधून तळ ठोकला. 1859 मध्ये हायडेशी लग्न करण्यासाठी मारिया हार्टमान तिथवर येऊन पोचली. तिचा जन्म दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामचा, म्हणजे घामाच्या धारांच्या मुलखातला. पुढची जवळजवळ चाळीस वर्षे तिने केलाँगमध्ये काढली आणि तिथल्या बायका-मुलींसाठी विणकामाची शाळा चालवली. हात विणत असताना कानावर बायबलच्या गोष्टी पडाव्यात, हा हेतू काही लपवलेला नव्हता. लाहौलच्या लोकांनी धर्म फारसा घेतला नाही, मोजे घेतले. त्यात आपले रंग, आपल्या नक्ष्या भरल्या आणि ते इतके आपलेसे केले, की आज लाहौली मोजे-हातमोज्यांना भौगोलिक मानांकन आहे.

मिशनऱ्यांनी केले ते उपकार की आणखी काही, यावर वाद घालता येईल, घालणारे घालतातही. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती एक साधी गोष्ट, जी सहज नजरेआड होते. थंडी आणि लोकर एकत्र आली की विणकाम आपोआप उगवते, असे आपण धरून चालतो. तसे ते कुठेच उगवलेले नाही. कुणीतरी कुणाच्या तरी शेजारी बसून ते शिकवावे लागले आहे.

मुळात या कलेचे माहेरच थंड नाही. सुयांवर विणलेले जे जुन्यात जुने तुकडे आपल्याकडे उरले आहेत, ते इजिप्तचे: निळ्या-पांढऱ्या नक्षीचे मोजे, तेही सुती. काळ साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकांमधला. तिथून ही विद्या भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने युरोपात शिरली. सन 1400 च्या आसपास उत्तर जर्मनीतल्या एका वेदीचित्रात मास्टर बेर्ट्रामने मेरीला बाळ येशूचा अंगरखा विणताना रंगवले, तोवर चार सुयांवर गोल विणणे तिकडे ओळखीचे झालेले होते.

आइसलँडचे उदाहरण लाहौलइतकेच बोलके आहे. नवव्या शतकाच्या अखेरीस तिथे वस्ती झाली. मेंढ्या पहिल्या वसाहतवाल्यांबरोबरच आल्या. तिथल्या मेंढीच्या अंगावर लोकरीचे दोन थर असतात, वरचा लांब, पाणी झटकणारा आणि आतला मऊ, ऊब धरणारा. स्वेटरसाठी याहून चांगली लोकर मागून मिळणार नाही. तरीही सहा-साडेसहा शतके आइसलँडने त्या लोकरीचे फक्त मागावरचे कापड विणले. सुया आल्या सोळाव्या शतकात, बहुधा इंग्रज, जर्मन आणि डच व्यापाऱ्यांमार्फत. आणि आल्या तशा साऱ्या बेटावर पसरल्या: 1624 या एका वर्षात 72 हजारांहून जास्त मोज्यांचे जोड परदेशी निर्यात झाल्याची नोंद आहे.

एवढे मोजे विणले कुणी? घरातल्या सगळ्यांनी, पुरुष आणि पोरेही धरून. हिवाळ्यात तिथे दिवस चार-पाच तासांचा. संध्याकाळी सगळे घर एका खोलीत जमायचे, एक जण सागा, म्हणजे जुन्या कथा, मोठ्याने वाचायचा किंवा लांबलचक पद्ये गायचा आणि बाकीचे पिंजायचे, कातायचे, विणायचे. दिवा एक, ऊब एक, गोष्ट एक. लहान मुलांना ठरावीक विणकाम नेमून दिलेले असे. अशा खोलीत शिकवणे म्हणून वेगळे काही होत नाही. मूल ज्याच्या मांडीला मांडी लावून बसते, त्याच्या हातांकडे बघत राहते. त्याचा टाका चुकला तर गोष्ट न थांबवता शेजारचा हात येतो, टाका सुईवर चढवून देतो आणि परत आपल्या कामाला लागतो. मी पाहिलेल्या शिकवण्याच्या सगळ्या पद्धतींत ही अजूनही सर्वांत चांगली आहे, आणि हे पुस्तक लिहिताना सगळ्यात मोठी अडचण तीच झाली, कारण पुस्तकाला शेजारचा हात नसतो.

आता कुणी म्हणेल, वा, काय सुंदर चित्र. म्हणून लगेच इंग्लंडमधल्या डेंट खोऱ्याकडे वळते. यॉर्कशरच्या डोंगरातले हे खोरे अठराव्या शतकात हातविणीच्या वेगासाठी प्रसिद्ध होते. कमरेला लाकडी म्यान खोचायचे, उजवी सुई त्यात रोवायची, म्हणजे तो हात वजनातून सुटतो आणि नुसता सूत फेकत राहतो. शरीर पुढे-मागे डोलते, ओळी मोजायला गाणी असतात. हिवाळ्यात शेजारीपाजारी आळीपाळीने एकेका घरी जमत. तितकेच इंधन वाचते, मेणबत्ती वाचते आणि गप्पा होतात. इथवर आइसलँडसारखेच. पण डेंटला लहान मुलींना शिकायला ठेवलेही जायचे, आणि त्या शिक्षणाची दुसरी बाजू आपल्यापर्यंत पोचली ती बेट्टी यूडेल या म्हातारीमुळे. लहानपणी लँग्डेलच्या या बेट्टीला आणि तिच्या धाकट्या बहिणीला विणकाम शिकायला डेंटला धाडले होते. कामाचा जाच आणि घरची ओढ यांनी कंटाळून दोघी पळाल्या आणि मैलोन्मैल डोंगरवाटा तुडवत पायी घरी परतल्या. म्हातारपणी तिने ती हकीकत सांगितली, ती उतरवून घेतली गेली आणि रॉबर्ट साउदीच्या ‘द डॉक्टर’ या ग्रंथात छापली गेली. हिवाळी रात्री, गाणी, गोष्टी यांची चित्रे रंगवणाऱ्या प्रत्येकाने ती एकदा वाचावी. विणकाम हा छंद होण्याआधी कित्येक शतके तो पोटाचा धंदा होता. पोटाच्या धंद्यात मुलाचा हात बसण्याची वाट कुणी फार दिवस बघत नाही.

म्हणून ‘आजीकडून नातीकडे आलेला वारसा’ हे वाक्य या पुस्तकात सापडणार नाही. वारसा असतो, पण त्यात भाकरीचा हिशेबही असतो आणि कधी कधी निव्वळ हौसही. नॉर्वेतल्या सेल्बूची गोष्ट त्या हौसेची. 1857 मध्ये मारित गुल्दसेतब्रुआ या सोळा वर्षांच्या मुलीने पांढऱ्यावर काळ्या आठ पाकळ्यांच्या फुलांचे हातमोजे विणले. ती आणि तिच्या बहिणी ते घालून चर्चमध्ये गेल्या. सगळ्या गावाची नजर प्रार्थनेऐवजी त्यांच्या हातांवर! मग बघून बघून ज्याने त्याने ती नक्षी उचलली, त्यात भर घातली, लग्नात पाहुण्यांना वाटण्यापासून दूरच्या बाजारात विकण्यापर्यंत तिचा प्रवास झाला. आज जगभरच्या कारखान्यांत नाताळच्या स्वेटरांवर जे फूल छापले जाते, ते बहुतेक वेळा हेच. कुणीही ते कुणाला ‘शिकवले’ नव्हते. चर्चच्या बाकावर पुढच्या मुलीचा हात दिसत होता, तेवढे पुरले.

तंत्राकडे येते. सुयांवरचे विणकाम म्हणजे फास्यातून फासा ओढून काढणे, आणि तो पुढच्या बाजूला ओढला की सुलट, मागच्या बाजूला ओढला की उलट. संपले. बाकी सगळे, म्हणजे वेणीची वीण, जाळीची वीण, मोत्याची वीण, रंगांची नक्षी, याच दोन हालचालींची जुळवाजुळव आहे. टाके वाढवणे, कमी करणे, त्यांची जागा बदलणे एवढ्यावर जगातले सगळे स्वेटर उभे आहेत. एका दुपारी हे सांगून होते. मग शिकायला अख्खा हिवाळा का लागतो?

कारण हाताला ताण समजायला वेळ लागतो. नवशिका सूत इतके घट्ट धरतो, की तिसऱ्या ओळीत सुई फास्यात शिरत नाही. घट्ट धरू नकोस असे सांगून उपयोग नसतो, ते त्यालाही कळत असते. करंगळीला सुताचा एक वेढा द्यायचा, दुसऱ्या बोटावरून ते सोडायचे आणि रोज थोडे विणत राहायचे. एक दिवस खांदे खाली येतात. त्या दिवसापासून टाके सारखे पडू लागतात. ही गोष्ट कुणाला आठवडाभरात साधते, कुणाला दोन महिने लागतात, आणि बुद्धीशी तिचा काही संबंध नाही. बर्फाने दार अडवलेल्या घरात ते दोन महिने कुणी मोजत नव्हते. पोरगे उसवते आहे, पुन्हा विणते आहे, पुन्हा उसवते आहे, याचे कुणाला काही वाटत नव्हते. आपल्याकडच्या शनिवार-रविवारच्या वर्गात नेमके हेच मिळत नाही. तिथे पैसे भरलेल्या माणसाला दोन दिवसांत मफलर हवा असतो आणि शिकवणारीही मग स्वतःच अर्धा मफलर विणून देते.

शिकवणाऱ्यांसाठी इथेच काही सांगते, कारण हे पुस्तक त्यांच्यासाठीही आहे. शिकणाऱ्याच्या समोर बसू नका, शेजारी बसा. समोर बसलात की तुमचा उजवा हात त्याला डावा दिसतो. अपवाद डावखुऱ्यांचा: ते समोर बसले तर आरशात पाहावे तसे शिकतात. पहिली लोकर फिक्या रंगाची द्या. काळ्या किंवा गडद निळ्या लोकरीत टाका दिसतच नाही, संध्याकाळी तर मुळीच नाही. सुया आठ नंबरच्या घ्या. आपल्याकडे आठ नंबर म्हणजे 4 मिमी, आणि नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. अमेरिकेत उलटा कारभार आहे, तिथला आठ नंबर 5 मिमीचा असतो आणि नंबरबरोबर जाडीही वाढते. लेकीने न्यू जर्सीहून पाठवलेल्या सुयांवर इकडचा नमुना विणायला घेतला तर बाळाचे टोपडे बाबांना येईल. आणि सगळ्यात महत्त्वाचे: सुटलेला टाका परत उचलायला दुसऱ्याच दिवशी शिकवा. टाका सुटला की सगळे गेले, ही भीती ज्याच्या मनात आहे, त्याचे सूत कधीच सैल होत नाही. मी तर वर्गात मुद्दाम एक टाका खाली चार ओळींपर्यंत ओघळू देते आणि सगळ्यांना बघायला बोलावते.

टाचेचे प्रकरण या पुस्तकात सर्वांत मोठे आहे. सपाट मफलर कुणीही विणेल, नळीही विणेल, पण मोजा घोट्याशी काटकोनात वळतो आणि ते वळण सुयांनीच घडवायचे असते. निम्मे टाके बाजूला थांबवून उरलेल्या निम्म्यांवर एक चौकोनी पट्टी विणायची. मग त्या पट्टीच्या मध्यावर, ओळ पूर्ण न करताच, अलीकडून पलीकडून उलटत, दरवेळी एकेक टाका गिळत जायचे. दहा-बारा अर्धवट ओळी होतात आणि हातातल्या सपाट पट्टीला अचानक खोलगट वाटी येते. मग बाजूंचे टाके उचलायचे, पुन्हा गोल विणायला लागायचे. लेखी सूचना वाचून हे कुणालाही खोटे वाटते. ओळ अर्धवट सोडायची म्हणजे चुकलेच असणार, असे वाटून माणूस थांबतो. शेजारी कुणी असेल तर ती एवढेच म्हणते, ‘विण गं पुढे.’ पंचवीस पाने खर्चूनही मला त्या तीन शब्दांची बरोबरी करता आलेली नाही. आकृत्या मात्र भरपूर दिल्या आहेत.

महाराष्ट्राचा या गोष्टीशी संबंध तसा उशिराचा आणि उसना. आपल्या हवेत स्वेटरची गरज बेताचीच. तरी घरोघरी सुया आल्या, मिशनच्या आणि नंतरच्या कन्याशाळांमधून, बदलीच्या नोकऱ्यांमुळे उत्तरेत राहून आलेल्या बायकांकडून, बायकांच्या मासिकांत छापलेल्या नमुन्यांमधून. दिल्ली-अंबाल्याच्या हिवाळी उन्हात खाटेवर बसून विणणाऱ्या पंजाबी शेजारणीकडून कितीतरी मराठी बायका शिकल्या, आणि लुधियानाच्या लोकरीच्या लड्या घेऊन परतल्या. आपण विणले ते मुख्यतः बाळंतविडे: टोपडे, झबले, मोजे. पहिल्या मुलाचा स्वेटर उसवायचा, लोकर धुऊन वजन लावून वाळवायची म्हणजे तिच्यातले वळसे जातात, आणि त्यातून दुसऱ्याचा विणायचा. एका बाबतीत आपण लाहौलसारखेच वागलो: घेतले आणि आपल्या सोयीने वाकवले.

‘नमुना’ या गोष्टीवर आपली श्रद्धा मात्र जरा जास्तच बसली. नमुन्यात 112 टाके म्हटले की 112च. आपली लोकर जाड असो, मूल बारीक असो. या सवयीला सर्वांत चांगला उतारा दिला तो एलिझाबेथ झिमरमन या बाईने. जन्म 1910 चा, इंग्लंडमधला. 1937 मध्ये ती अमेरिकेला गेली आणि पुढे विस्कॉन्सिनच्या बर्फाळ मुलखात एका जुन्या शाळेच्या इमारतीत राहून विणत, लिहीत, शिकवत राहिली. तिचा हिशेब सोपा होता: आधी आपल्या हाताने छोटा तुकडा विणून एका इंचात किती टाके बसतात ते मोजा, त्याला छातीच्या मापाने गुणा, तो आकडा शंभर टक्के धरा आणि बाही, गळा, मनगट सगळे त्याच्या टक्केवारीत काढा. नमुना बाजूला, पेन्सिल हातात. 1971 च्या तिच्या पुस्तकाने कित्येकींना हुकूम पाळण्यातून सोडवले. गंमत म्हणजे विणकरांचे तिचे गाजलेले शिबिर भरे ते जुलै महिन्यात. या पुस्तकातला मापांचा भाग तिच्या पद्धतीवर बेतला आहे, आकडे आपल्या बांध्यांप्रमाणे बदलून.

पुन्हा लाहौलकडे येते. 3 ऑक्टोबर 2020 रोजी रोहतांगखालचा 9.02 किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला. आता हिवाळ्यातही मनालीहून लाहौलला जाता येते, फारच हिमवृष्टी झाली तर थोडे दिवस अडते. आजारी माणूस वेळेवर दवाखान्यात पोचतो, मुलांची परीक्षा बुडत नाही. बर्फाने कोंडलेल्या हिवाळ्याबद्दल हळहळणाऱ्या पर्यटकाने तो एकदा कोंडून घेऊन पाहावा. पण सहा महिन्यांचा रिकामा वेळ त्याबरोबर गेला हेही खरे, आणि जिथे जिथे तो गेला, तिथे विणकाम शिकण्याची जागा घरातून बाहेर सरकली: बचत गटात, प्रशिक्षणाच्या खोलीत, फोनच्या पडद्यावर. पडद्याला मी नावे ठेवणार नाही. टाच वळवतानाचा व्हिडिओ थांबवून, मागे नेऊन दहा वेळा बघता येतो, कोणतीही मावशी इतक्या वेळा न वैतागता दाखवणार नाही. फक्त त्याला तुमचे हात दिसत नाहीत.

पुस्तक कसे वापरावे, ते शेवटी. धडे हिवाळ्याच्या क्रमाने लावले आहेत. दिवाळीनंतर मफलरने सुरुवात, मग कानटोपी, मग बोटे नसलेले हातमोजे, संक्रांतीच्या सुमाराला टाच, आणि स्वेटरला हात घालायचा तो त्यानंतर. मुंबईत राहणाऱ्यांनी पंखा लावून विणावे, काही बिघडत नाही. प्रत्येक धड्यात आधी उसवणे आहे, मग विणणे. पहिल्या धड्यात सुईवर टाके घालायला शिकवलेले नाही. ते थेट सहाव्या धड्यात येते, आणि छापताना गाळले गेले असे समजून कुणी प्रकाशकांना फोन करू नये. टाके घालणे हे या कामातले सर्वांत किचकट आणि सर्वांत कमी आनंदाचे काम आहे, नवशिका तिथेच अडकतो आणि सुया ट्रंकेत जातात. म्हणून आठ नंबरच्या सुया आणि फिक्या रंगाची लोकर घ्या आणि विणता येणाऱ्या कुणाकडून तरी वीस टाके घालून घ्या. आत्या, शेजारच्या काकू, ऑफिसातली लोकलमध्ये विणणारी बाई, कुणीही चालेल. टाके घालून दिल्यावर ती बहुधा लगेच उठणार नाही, पहिली ओळ तुम्ही कशी विणता ते बघत थांबेल. तिला थांबू द्या आणि पान 1 उघडा.